लाल पेनानं वाचलेले उतारे

पहिल्या वेळी मला गणितात एकशे सहासष्ट गुण मिळाले आणि व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजीत, एकशे एक्केचाळीस. परदेशी विद्यापीठांसाठीच्या या जीआरई परीक्षेत दोन्ही विभाग एकशे सत्तरचे असतात, पण मोजायला सुरुवातच एकशे तीसपासून होते. त्यामुळे एकशे एक्केचाळीस हा आकडा ऐकायला वाटतो तेवढा बरा नाही. हे मला घरी समजावून सांगावं लागलं. नवऱ्याला दोनदा, मुलीला एकदा.

"म्हणजे इंग्रजीत नापास?" मुलीनं विचारलं. ती तेव्हा सातवीत होती.

"नापास असं नसतं त्यात."

"पण पासपण नाही ना?"

तिचं बरोबर होतं.

मी नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेला शिकवते. त्या वर्षी मला एकोणचाळीस पूर्ण झाली होती. आमच्याकडच्या काळ्या मातीवर बांधलेल्या घरांना भेगा का पडतात, पावसाळ्यात ती माती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते तेव्हा पायाचं नेमकं काय होतं, यावर मी सात-आठ वर्षं जमेल तसं काम करत होते. त्याच विषयात परदेशी जाऊन पीएच.डी. करायची होती. सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीला वयाची अट चाळीस, आणि विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र हातात असल्याशिवाय तिचा अर्ज भरता येत नाही. एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांना माझा विषय आवडला होता. दोन वेळा व्हिडिओ कॉलवर त्यांनी तास-तासभर मातीबद्दल प्रश्न विचारले. शेवटी कळवलं की व्हर्बलचे गुण दीडशेच्या खाली असतील तर त्यांची प्रवेश समिती अर्ज पुढे नेत नाही आणि त्यात त्यांना काही करता येत नाही. जिथं ही परीक्षा लागत नाही अशा ठिकाणीही मी पत्रं पाठवली होती. तिथं काळ्या मातीवर काम करणारं कुणी नव्हतं, किंवा होतं ते उत्तर देईना. म्हणजे मला नऊ गुण हवे होते आणि ते डिसेंबरच्या आत हवे होते. पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं.

मी कामाला लागले. कुठल्याही कामाची यादी केली की ते निम्मं झाल्यासारखं मला वाटतं. घरात सिलिंडर लावल्याच्या तारखेपासून मुलीच्या लसींपर्यंत सगळं माझ्या वह्यांत असतं. नवरा रेल्वेच्या कार्यालयात आहे, त्यालाही फायलींची सवय आहे, पण तोसुद्धा पाहुण्यांना सांगतो, "आमच्याकडं शिंक आली तरी आधी वहीत चढवावी लागते."

माझं निदान सरळ होतं. मी मराठी शाळेत शिकले, इंग्रजी शब्द कमी पडतात. बाराशे शब्द काढले, रोजचे चाळीस ठरवले. पहाटे साडेचारला उठून, ऑटोत बसल्या बसल्या, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता पाठ केले. एप्रिलच्या शेवटी यादी संपली. सराव परीक्षा दिली. एकशे त्रेचाळीस.

बाराशे शब्दांना दोन गुण.

मग चुकांचा तक्ता केला. शब्दांचे प्रश्न आता बरे येत होते, उतारे चुकत होते. उतारा वाचायचा, खाली पाच पर्याय असतात, लेखकाला काय म्हणायचंय ते त्यातून निवडायचं. मी बहुतेक वेळा चुकीचा पर्याय निवडत होते आणि निवडताना माझी अगदी खात्री असायची. अंदाजानं ठोकलेलं चुकलं तर समजून घेता येतं. खात्रीनं निवडलेलं एकामागून एक चुकायला लागलं की माणूस घाबरतो. तक्त्यात 'कारण' असा एक रकाना होता. तो मी रिकामा ठेवला होता.

मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासायचा आदेश आला. तीन आठवडे, केंद्र लातूर. लातूर माझं माहेर, त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता. दादा औशाच्या एसटी आगारात आहे, त्याच्या पाळ्या बदलत्या. घरात जास्त करून वहिनीच असतात. त्या दहावीपर्यंत शिकल्या आहेत आणि घरीच साड्यांना फॉल-पिको करतात. दिवसभर केंद्रावर माझ्या चाळीस-पंचेचाळीस उत्तरपत्रिका व्हायच्या. संध्याकाळी वहिनींच्या मशीनशेजारी कूलरसमोर बसून मी उतारे सोडवायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वहिनींनी मशीन थांबवलं.

"ताई, पेपर घरी पण आणले का?"

"नाही वहिनी, हा माझा अभ्यास आहे."

"मग लाल पेनानं कामून करून ऱ्हायल्या?"

मी हाताकडं पाहिलं. दिवसभराचा पेन तसाच बोटांत राहिला होता. उताऱ्यातल्या सात-आठ शब्दांखाली लाल रेघा होत्या आणि समासात बरोबरच्या खुणा.

वहिनींनी कागद उचलला. "काय म्हणतो ह्यो?"

"जुन्या तलावांबद्दल आहे. एका भागातले तलाव राजांनी बांधले असं आधीचे अभ्यासक म्हणायचे. मग यात गावकऱ्यांचा उल्लेख आहे, दुरुस्तीचा आहे, शिलालेखांचा आहे..."

"ते झालं. पण तो बाबा शेवटी म्हणतो काय? राजांनी बांधले म्हणतो का न्हाई म्हणतो?"

मी कागद घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो मागं धरला.

"असंच सांगा की. आत्ताच वाचलं न्हवं?"

मला सांगता येईना. राजे, गावकरी, दुरुस्ती, शिलालेख हे शब्द उताऱ्यात आहेत हे मी छातीठोकपणे सांगू शकत होते. कुठल्या ओळीत आहेत तेही. पण लिहिणारा माणूस राजांच्या बाजूनं बोलत होता की विरुद्ध, हे मला माहीत नव्हतं.

"तुम्ही वाचून न्हाई ऱ्हायल्या," वहिनी म्हणाल्या आणि कागद माझ्या मांडीवर टाकला. "तपासून ऱ्हायल्या."

त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं. कुणाची तरी साडी दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

उत्तरपत्रिका तपासताना आमच्या शेजारी आदर्श उत्तर ठेवलेलं असतं. चार गुणांच्या प्रश्नाला चार मुद्दे, प्रत्येक मुद्द्यात एक ठरलेला शब्द. तपासणारा उत्तर वाचत बसला तर दिवसाला पंधरा उत्तरपत्रिकाही होणार नाहीत. डोळे पानावरून खाली घसरत जातात, ठरलेला शब्द दिसला की रेघ, रेघ मारली की गुण. दोन शब्दांच्या मधलं वाक्य काय म्हणतंय, हो म्हणतंय की नाही म्हणतंय, हे बघायची वेळच येत नाही. पंधरा-सोळा वर्षं मी हे केलं आणि चांगलं केलं. केंद्रावर माझ्या वेगाचं नाव होतं. आणि या परीक्षेतले चुकीचे पर्याय जणू माझ्यासारखीलाच धरायला बनवलेले असतात. उताऱ्यातले सगळे ओळखीचे शब्द त्यात असतात, फक्त म्हणणं उलटं केलेलं असतं. शब्द सापडला की मी खूण करून मोकळी होत होते.

रिकाम्या रकान्यात काय लिहायचं ते आता कळलं होतं. अडचण अशी की दिवसाचे आठ तास मी तीच सवय पक्की करत होते आणि संध्याकाळी दोन तास ती सोडवायला बसत होते. ड्यूटी नाकारता येत नव्हती. मग मी ठरवलं की केंद्रावरही उत्तरं पूर्ण वाचायची. पहिल्याच दिवशी पंचेचाळीसच्या अठ्ठावीस झाल्या. शेजारच्या टेबलावरच्या सरांनी विचारलं, "मॅडम, तब्येत बरी नाही का?"

दुसऱ्या आठवड्यात एक उत्तरपत्रिका आली. तिच्यावर नाव नसतं, मुलगा की मुलगी तेही कळत नाही. काँक्रीटला क्युरिंग का करतात, म्हणजे पाणी मारून ते ओलं का ठेवतात, असा चार गुणांचा प्रश्न होता. उत्तर मराठीत होतं, अक्षर वाकडंतिकडं. लिहिलं होतं की सिमेंट ओतलं म्हणजे लगेच पक्कं होत नाही, ते बरेच दिवस आतल्या आत पाणी पीत असतं आणि त्या पाण्यानंच धरतं. उन्हात वरचं पाणी उडून गेलं की वरचा थर आधी सुकतो, आतला मागं राहतो आणि त्या ओढाताणीत बारीक चिरा पडतात. पुढं लिहिलं होतं: 'आमच्या ओट्यावर ओला कडबा टाकला होता, एका बाजूचा कडबा म्हशीनं ओढून खाल्ला, तेवढ्याच जागेला चिरा पडल्या.'

मी ते उत्तर दोनदा वाचलं. आदर्श उत्तरातला एकही शब्द त्यात नव्हता. हायड्रेशन नाही, ड्युरेबिलिटी नाही. पण याहून चांगलं उत्तर मी माझ्या वर्गातही कधी दिलं नव्हतं. मी चारपैकी चार दिले.

दुपारी आमची तपासणी पुन्हा पाहणारे मॉडरेटर सर ती उत्तरपत्रिका घेऊन माझ्या टेबलाशी आले. ते निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ.

"मॅडम, हे चार कसे?"

"उत्तर बरोबर आहे सर."

"हायड्रेशन कुठंय?"

"सिमेंट पाणी पितं आणि त्यानं धरतं, असं लिहिलंय ना. तेच हायड्रेशन."

"तसं म्हटलं तर आमची म्हैसपण रोज हायड्रेशन करती." शेजारचे दोघं हसले. सर हसले नाहीत. "उद्या दुसऱ्या एखाद्या पोरानं फोटोकॉपी मागवली, त्याचं उत्तर असंच अन् त्याला दोन मिळालेले, तर जबाब कोण देणार? तुम्ही का मी?"

"म्हणजे अर्थाला गुण नाहीत?"

"अर्थाला कोण नाही म्हणतंय? पण अर्थ ज्याला त्याला येगळा दिसतो, मॅडम. शब्द सगळ्यांना एकच दिसतो."

वीस माणसं एकाच प्रश्नाला आपापल्या मनानं गुण द्यायला लागली तर काय होईल हे मलाही कळत होतं. मी चारावर रेघ मारली, शेजारी दोन लिहिले आणि सही केली. लाल पेनानंच.

त्या संध्याकाळी मी उतारे काढले नाहीत. वहिनींनी विचारलं, मी डोकं दुखतंय म्हटलं. खरं म्हणजे मी हिशेब करत होते की गेल्या पंधरा-सोळा वर्षांत अशा किती उत्तरांना मी शब्द नाही म्हणून दोन दिले असतील, कुणी न सांगता, मॉडरेटर शेजारी नसताना. त्या ओट्यावरच्या उत्तरालाही एक वर्षापूर्वी मी दोनच दिले असते, तेही अर्ध्या मिनिटात. आणि आता स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मला समजून घेणारी समिती हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी नियम घातला. उतारा वाचायचा, कागद पालथा ठेवायचा, त्यांना मराठीत सांगायचं. त्यांना पटलं तरच पर्याय बघायचे. पेन निळा. फॉल लावता लावता त्या ऐकायच्या आणि मध्येच लेखकाशी भांडायच्या.

"थांबा. 'हे मत अगदीच चुकीचं नाही' म्हणला ना? आता पलटतो बघा."

तो पुढच्या वाक्यात पलटायचाच.

"तोंडावर हो म्हणायचं अन् मागून काढून घ्यायचं. आपले मामा न्हवते का तसे?"

मामा म्हणजे त्यांचे सासरे, माझे वडील. मला हसू आलं, मग राग आला, मग कबूल करावं लागलं. लग्नाला, शिक्षणाला, नोकरीला, वडील कशालाच नाही म्हणाले नव्हते, आणि प्रत्येक हो नंतर एक 'पण' यायचा. वहिनींनी बारा वर्षं त्यांचं बोलणं ऐकून त्यातलं खरं काय ते काढलं होतं. त्यांना उताऱ्यांची भीती कशाला वाटेल?

तीन आठवड्यांत मी बदलले. नांदेडला परत आल्यावर फोनवरून हा क्रम चालू ठेवला. जुलैमध्ये सराव परीक्षेत एकशे एकोणपन्नास झाले, एकदा एकशे एक्कावन्न. पण ते घड्याळ न लावता. खरं वाचायला दीडपट वेळ लागत होता. घड्याळ लावलं की मी पुन्हा खाली यायचे.

ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा दिली, या वेळी घरून. नवऱ्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कुणी बेल वाजवू नये म्हणून तो जिन्यात खुर्ची टाकून बसला, मुलीला मैत्रिणीकडं पाठवलं. ऑनलाइन लक्ष ठेवणारा एक अनोळखी आवाज सांगत होता तसा मी लॅपटॉप फिरवून त्याला चारी भिंती, टेबलाखालची जागा, पलंगाखालची चपलांची खोकी आणि शेवटी माझे दोन्ही कान दाखवले.

सुरुवात चांगली झाली. मी मनातल्या मनात वहिनींना सांगत सांगत वाचत होते. शेवटच्या विभागात आठ प्रश्न राहिले तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं होती, आणि समोर दोन मोठे उतारे. तिथं माझे डोळे घसरायला लागले. शब्द शोध, पर्यायात तोच शब्द बघ, खूण कर. मला ते कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. आठ प्रश्न मी सात मिनिटांत उरकले. केंद्रावर त्या वेगाचं कौतुक झालं असतं.

एकशे अठ्ठेचाळीस.

नवरा जिन्यातून आत आला. "किती?"

"दोन कमी."

"दोनच? मग काय झालं! दोन गुणांसाठी आपल्याकडं कुणाला अडवतात का? ग्रेस नसतो का त्यांच्यात?"

"नसतो."

"विचारून तर बघ."

मी विचारलं. प्राध्यापकांनी सभ्यपणे लिहिलं की डिसेंबरच्या आत पुन्हा प्रयत्न करता येईल आणि त्यांची इच्छा आहे की मी तो करावा.

ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा बसले. कॉलेज सुरू झालं होतं, चाचण्यांचे गठ्ठे टेबलावर होते, वहिनींशी बोलणं आठवड्यातून दोनदावर आलं होतं. एकशे सत्तेचाळीस. प्राध्यापकांचं पुढचं पत्र पाच ओळींचं होतं. मी ते जेवताना मराठीत सांगितलं.

"म्हणजे फायनल?" मुलगी म्हणाली. "नाही जाणार तू?"

"नाही."

जेवण झाल्यावर आतल्या खोलीतून तिचा फोनवरचा आवाज आला. "हाव गं, कॅन्सल झालं. मम्मी इथंच आहे. हाव, गॅदरिंगला पण."

नवरा म्हणाला, "लई वाईट झालं," आणि त्यानं भात पुन्हा मागून घेतला. वर्षभर तो 'तू जा, मी बघतो' म्हणत होता आणि वर्षभर त्याचं जेवण कमी झालं होतं. मला त्याचा राग आला नाही. विभागप्रमुखांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "बरं झालं मॅडम, तुम्ही गेल्या असत्या तर प्रयोगशाळा कुणी बघितली असती?" त्यांचाही आला नाही.

राग आला तो स्वतःचा, पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी. साडेचारचा गजर मी बंद केला होता. जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. मी इतकी झोपले होते की चेहऱ्यावर उशीचे वळ होते. चहा ठेवला आणि लक्षात आलं की छाती हलकी झाली आहे. आता मुलीला इथं ठेवून जायचं नाही. एकटीनं परक्या गावात खोली शोधायची नाही. चाळिशीत वर्गात सगळ्यांत मोठी होऊन बसायचं नाही. मी हे सगळं एकेक करून मोजत होते आणि मला बरं वाटत होतं.

कुणी विचारलं तर मी तपासणीच्या सवयीचं कारण सांगते. वहिनींचं वाक्य सांगते, लाल पेन सांगते, लोकांना ते पटतं. ते खरंही आहे. दुसऱ्या वेळचे दोन गुण त्या सवयीनंच गेले. पण तिसऱ्या वेळी शेवटचे दोन प्रश्न राहिले होते, उतारा लहान होता आणि घड्याळात चार मिनिटं शिल्लक होती. तो वाचून, मनात मराठीत सांगून, उत्तर द्यायला मला तीन पुरली असती. मी उतारा वाचला नाही. दोन्ही ठिकाणी पहिला पर्याय निवडला आणि परीक्षा संपवायचं बटण दाबलं.

आता मी बेचाळीस वर्षांची आहे. ती चार मिनिटं मी नवऱ्याला सांगितलेली नाहीत, वहिनींनाही नाहीत.